रंगभवन चौकातल्या चर्चमध्ये पहिल्यांदा जाताना

डिसेंबर लागला की शाळेतल्या मैत्रिणी, शेजारच्या वहिनी, अगदी दारावर येणाऱ्या भाजीवाल्या मावशीसुद्धा मला एकच विचारतात, "बाई, नाताळला आम्ही चर्चमध्ये आलो तर चालतं का?" चालतं. वर्षभर चालतं आणि त्यासाठी कुणाची ओळख काढावी लागत नाही. पण एवढं सांगून भागत नाही, कारण पुढचे प्रश्न तयारच असतात. चपला काढायच्या का? बसायचं कुठं? दानाची थैली समोर आली तर किती टाकायचे? सगळे उठले की आपणही उठायचं का? या प्रश्नांपायी कितीतरी माणसं फाटकापर्यंत येतात, वर लावलेल्या चांदणीचा फोटो काढतात आणि तिथूनच माघारी फिरतात. मला त्याचं फार वाईट वाटतं. मी इथंच सोलापुरात, मराठी मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत वाढले, क्वायरमध्ये, म्हणजे चर्चच्या गायकवृंदात गाते, संडे स्कूलच्या मुलांना गाणी शिकवते. म्हणून एकदा नीट लिहूनच काढते.

कधी यायचं

माझा सल्ला बऱ्याच जणांना उलटा वाटतो: पहिली खेप २४ डिसेंबरच्या रात्री करू नका. त्या रात्री रंगभवन चौकात पाय ठेवायला जागा नसते. गाड्या सात रस्ता चौकाच्या दिशेनं तुंबलेल्या असतात, मंडळीतली माणसंच दारात उभी असतात आणि पाळकसाहेबांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, तुमच्याशी दोन शब्द बोलायलाही उसंत नसते. रोषणाई दिसते, गर्दी दिसते, उपासना मात्र कानावर पडत नाही.

पहिल्यांदा एखाद्या साध्या रविवारी सकाळी या. नाताळचं वातावरणच हवं असेल तर त्याआधीचे चार रविवार धरा. त्याला आगमनकाळ म्हणतात. पुष्कळ चर्चमध्ये दर रविवारी एक अशा चार मेणबत्त्या चढत्या क्रमानं पेटवतात, मुलं गव्हाणीची तयारी करत असतात आणि क्वायरची गाणी अजून पुरती बसलेली नसतात. सोलापूरची हवाही तेव्हा माणसाला सोसेल अशी असते.

वेळ बाहेरच्या फलकावर लिहिलेली असते. ती सणासुदीला आणि उन्हाळ्यात बदलते, म्हणून आदल्या संध्याकाळी जाता-येता वाचून ठेवा. वेळेसोबत भाषाही बघा. आपल्या शहरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू एकाच गल्लीत ऐकू येतात, तसंच उपासनेचंही आहे. मराठी उपासना समजून चुकीच्या वेळी गेलात तर काही बिघडत नाही, पण पहिल्या दिवशी शब्द कळलेले बरे.

दहा-पंधरा मिनिटं आधी या. गाडी फाटकासमोर लावू नका, त्या चौकात वाहनांची ये-जा कधी थांबत नाही. शक्य असेल तर सात रस्त्याकडून चालतच या.

आत शिरण्याआधी भिंत आणि फलक वाचा

चर्च म्हणजे सगळी एकच, असं बाहेरून वाटतं. तसं नाही, आणि आत कसं वागायचं हे थोडंफार त्यावरच ठरतं.

फलकावर सी.एन.आय. ही अक्षरं दिसली तर ती चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा वेगवेगळ्या परंपरांच्या प्रोटेस्टंट मंडळ्या एकत्र आल्या आणि ही संस्था झाली. त्यात अँग्लिकन होत्या, बॅप्टिस्ट होत्या आणि आपल्या भागातल्या अमेरिकन मिशनच्या मंडळ्याही होत्या. रंगभवनचं दि फर्स्ट चर्च या अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतलं. हे मिशन १८१३ साली मुंबईत आलं, १८३१ पासून त्याचं मोठं ठाणं अहमदनगरला होतं. १८६० मध्ये मुंबईकडून येणारी रेल्वे सोलापूरपर्यंत पोचली आणि त्याच दशकात मिशनचं कामही इथं उभं राहिलं. १८९९-१९०० च्या दुष्काळात अनाथ झालेली मुलं मिशननं सांभाळली, शाळा काढल्या. वोरोनोको या शाळेचं नाव सोलापुरात सगळ्यांच्या तोंडी आहे, पण वोरोनोको हे अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातलं एक गाव आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. चौकातली ही मंडळी इथं कशी रुजली याचा माग अशा नावांमधून लागतो.

सेंट जोसेफ हे नाव शाळेमुळे सगळ्यांना परिचयाचं आहे. ते कॅथलिक. कॅथलिक मंडळी पुणे धर्मप्रांतात, म्हणजे पुण्याच्या बिशपांच्या अखत्यारीत, येते आणि हा धर्मप्रांत १८८६ साली स्थापन झाला.

फलक नसला तरी ओळखायची खूण आहे. क्रुसावर येशूची मूर्ती असेल, आवारात मरियेची मूर्ती किंवा दगडी गुंफा असेल तर बहुतेक ते कॅथलिक चर्च. क्रूस नुसता, मोकळा असेल तर बहुतेक प्रोटेस्टंट. आत गेल्यावर भिंतींवर ओळीनं चौदा चित्रं दिसली, तर तो क्रुसाचा मार्ग आणि तुम्ही कॅथलिक चर्चमध्ये आहात. वेदीपाशी एक लाल दिवा अखंड तेवत असतो. पवित्र भाकर तिथं ठेवलेली असते म्हणून लोक त्या दिशेनं एक गुडघा टेकून मगच बाकात शिरतात. तुम्ही नाही टेकला तरी चालतं.

याखेरीज कुणाच्या हॉलमध्ये, कुणाच्या वरच्या मजल्यावर भरणाऱ्या नव्या मंडळ्याही आहेत. तिथं कीबोर्ड, ड्रम आणि टाळ्या असतात, प्रार्थना मोठ्यानं आणि सगळ्यांची एकाच वेळी चालते. त्यांची रीत वेगळी आहे आणि मी त्यांच्यात वाढलेली नाही, म्हणून इथं दोन जुन्या परंपरांपुरतंच लिहिते.

इमारतीची कोनशिला शोधा. ती बहुधा दाराजवळ, गुडघ्याच्या उंचीवर असते आणि रंगाच्या थरांखाली अक्षरं बुजलेली असतात. आत भिंतीवर संगमरवरी पाट्या असतील तर त्याही वाचा. कुणाच्या स्मरणार्थ बाक दिला, कुणी घंटा दिली, कोण पाळक किती साली होते, असं सगळं त्यांवर असतं. पेठांचा इतिहास सांगणारे जाणते लोकही या पाट्यांकडे वळलेले मी फारसे पाहिले नाहीत.

दारात

चपलांचं विचाराल तर पुढच्या माणसाकडे बघा. काही ठिकाणी पायात ठेवूनच आत जातात, काही ठिकाणी दारात रांग लागलेली दिसते. पुरुष टोपी काढतात. बऱ्याच बायका प्रार्थनेच्या वेळी डोक्यावर पदर किंवा ओढणी घेतात. नाही घेतलीत तर कुणी टोकत नाही. कपडे स्वच्छ आणि साधे असले की झालं. मोबाईल बंद, नुसता थरथरता नको. लाकडी बाकावर ठेवलेला फोन थरथरला की पूर्ण ओळीला ऐकू जातो.

कॅथलिक चर्चच्या दाराशी पाण्याचं छोटं पात्र असतं. लोक त्यात बोट बुडवून क्रुसाची खूण करतात. ते आशीर्वादित पाणी आहे. हात धुवायचं किंवा प्यायचं नाही.

बसायला मागून तिसरी-चौथी ओळ घ्या. अगदी शेवटची नको, कारण तिथं लहान मुलं घेऊन आलेल्या आया असतात, त्यांना उठून बाहेर जावं लागतं. पुढंही नको, कारण कधी उठायचं आणि कधी बसायचं हे तुम्हाला समोरच्यांकडे बघूनच कळणार आहे. काही जुन्या मंडळ्यांत एका बाजूला बायका आणि दुसऱ्या बाजूला पुरुष अशी बसायची सवय अजून आहे. तसं दिसलं तर तसं बसा. लहान मूल बरोबर असेल तर बिनधास्त आणा. रडलं तर थोडं बाहेर फिरवून परत या, कुणी वळून बघणार नाही.

उपासना चालू झाल्यावर

आधी प्रोटेस्टंट उपासना सांगते, कारण ती मला पाठ आहे.

समोर भिंतीवर एक लाकडी पाटी टांगलेली असते, तिला आडव्या खाचा. त्या खाचांत पत्र्याचे किंवा पुठ्ठ्याचे आकडे सरकवलेले असतात, तीन-चार ओळी. नव्या माणसाला वाटतं, हे काय, हजेरी? ते गीतांचे क्रमांक. त्या दिवशी कोणती गीतं कोणत्या क्रमानं होणार, ते तिथं लावलेलं असतं. आमच्याकडे हे आकडे लावायचं काम संडे स्कूलच्या मोठ्या मुलांकडे असतं. उपासनेआधी स्टुलावर चढून, जिभेचं टोक दातांत धरून ती एकेक आकडा सरकवतात आणि सहाचा नऊ होऊ नये म्हणून खाली उभी असलेली बाई वर बघून मान डोलावते. ती बाई पुष्कळदा मीच असते. तुम्ही बसल्याबसल्या पाटीवरचा पहिला आकडा बघा, बाकावरचं 'उपासना संगीत' उघडा, तो क्रमांक काढून ठेवा. पुस्तक नसेल तर शेजारच्याकडे बघा. तो स्वतःचं तुमच्यासमोर धरील.

आणि मग ऐका. मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते इथंच. बाहेरच्या माणसाची अपेक्षा असते की आत इंग्रजी चालीवरचं काहीतरी ऐकायला मिळेल. तशी गीतं आहेत, पाश्चात्त्य चालींवर मराठी शब्द बसवलेली, चार आवाजांत गायची. ती सुंदर आहेत. पण त्याच पुस्तकात अभंग आहेत, ओव्या आहेत, पदं आहेत, आणि पेटी, तबला, टाळ घेऊन ती म्हटली जातात. नारायण वामन टिळक, जन्म १८६१, बाप्तिस्मा १८९५, निधन १९१९, या कवीनं मराठी ख्रिस्ती उपासनेला ही गोडी दिली. नगरला अमेरिकन मिशनबरोबर काम करता करता त्यांनी तुकोबांच्या वळणाची रचना येशूच्या भक्तीत आणली. लहानपणापासून हरिपाठ ऐकलेल्या माणसाला टिळकांचं पद पहिल्या ओळीत पकडतं, हे मी कितीदा पाहिलंय. शाळेतल्या माझ्या एक सहकारी वारकरी घरातल्या. त्या एका रविवारी माझ्याशेजारी बसल्या होत्या. दुसऱ्या कडव्याला त्यांच्या बोटांनी बाकावर ठेका धरला, त्यांच्याही नकळत. तिसऱ्या कडव्यापासून त्या पुस्तकात न बघता ध्रुपद म्हणत होत्या. ख्रिस्ती कीर्तनंही होतात, पेटी, टाळ आणि आख्यानासह. फलकावर कीर्तनाची सूचना दिसली तर तो दिवस सोडू नका.

क्रम साधारण असा असतो. सुरुवातीला एखादं वचन आणि प्रार्थना, मग गीत. पापांगीकार, म्हणजे पापांची कबुली, होतो तेव्हा सगळे मान खाली घालतात. स्तोत्रसंहितेतलं एखादं स्तोत्र, म्हणजे दीडशे स्तोत्रांपैकी एक, पाळक एक ओळ आणि मंडळी पुढची ओळ असं आळीपाळीनं वाचतात. जुन्या करारातला एक उतारा आणि नव्या करारातला एक उतारा वाचला जातो. सूचना असतात: कुणाचं लग्न ठरलं, कोण दवाखान्यात आहे, कुणाच्या घरी प्रार्थना ठेवली आहे. त्या सूचना लक्ष देऊन ऐका, मंडळी म्हणजे काय ते तिथं कळतं. मग संदेश, म्हणजे प्रवचन. तो अर्धा तास चालू शकतो. नंतर दान, प्रार्थना, प्रभूची प्रार्थना आणि शेवटी आशीर्वचन. आशीर्वचन झाल्याशिवाय उठू नका, तेवढं एक पाळा.

उभं राहायचं तर सगळ्यांबरोबर उभे राहा. ते कुणाला जड वाटत असेल तर बसून राहिलात तरी कुणी काही म्हणत नाही. प्रार्थनेच्या वेळी डोळे मिटले नाहीत तरी चालतं, इकडंतिकडं बघू नका इतकंच. "आमेन" म्हणायचं की नाही, हे तुमच्या मनावर.

दानाची थैली समोर येते. टाकायचं असेल तर दहा टाका, वीस टाका. नसेल तर थैली शेजाऱ्याकडे सरकवा. कुणी मोजत नाही आणि पाहुण्यानं द्यावं अशी अपेक्षाही नसते.

प्रभुभोजन हा एकच प्रसंग असा आहे, जिथं पाहुण्यानं थांबायचं असतं. बऱ्याच मंडळ्यांत ते महिन्याच्या पहिल्या रविवारी असतं. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरस देतात. बाप्तिस्मा आणि दृढीकरण, म्हणजे मोठेपणी मंडळीसमोर विश्वास कबूल करण्याचा विधी, झालेले सभासदच तो घेतात. आमच्या स्वतःच्या लहान मुलांनाही तो देत नाहीत. म्हणून ओळ पुढं सरकू लागली की तुम्ही जागेवरच बसा. तो प्रसाद नाही, हे ध्यानात ठेवा. प्रसाद कुणी नाकारू नये अशी आपल्याकडची रीत, म्हणून पाहुणे सहज पुढं जातात आणि पाळक अवघडतात. त्यांना नाही म्हणणं फार कठीण जातं.

कॅथलिक उपासनेचा, म्हणजे मिस्साचा, गाभा हाच विधी आहे, तिथंही कम्युनियनच्या वेळी जागेवर बसा. मिस्सात गुडघे टेकण्याचे क्षण असतात, त्यासाठी बाकाखाली फळी असते. तुम्ही नुसते पुढं वाकून बसलात तरी चालेल. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत, म्हणजे १९६२ ते १९६५ पर्यंत, मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. त्यानंतर ती लोकांच्या भाषेत आली. आज मराठी मिस्सात बसलेल्या आजीबाई सगळी उत्तरं तोंडपाठ म्हणतात, ती त्यांच्या आईच्या तोंडी नव्हती.

हार्वेस्ट चुकवू नका

सणांमध्ये मला सगळ्यांत आवडतो तो हार्वेस्ट, उपकारस्तुतीचा सण. तारीख प्रत्येक मंडळी आपली ठरवते, म्हणून फलकावर नजर ठेवा. लोक घरचं जे असेल ते घेऊन येतात आणि वेदीसमोर मांडतात. ज्वारीची कणसं, मालदांडीची पोती, डाळिंबं, भोपळे, ऊस, अंडी, कडक भाकऱ्यांची चळत, शेंगा चटणीच्या बरण्या, कुणी केलेला केक, कुणी विणलेला स्वेटर, एखादी नवी कोरी चादर. तो वास काही वेगळाच असतो: ओल्या कणसाचा, झेंडूचा आणि चटणीतल्या लसणाचा.

उपासना झाली की आवारात लिलाव. आवाज मोठा असणारा एखादा काका टेबलावर उभा राहतो. भोपळ्याची बोली पन्नासापासून सुरू होते. कुणीतरी दोनशेला घेतो, पैसे देतो आणि भोपळा परत टेबलावर ठेवतो, "पुन्हा बोला!" म्हणून. एकच भोपळा असा तीन-चार वेळा विकला जातो. शेवटी तो घरी नेणारी बहुधा एखादी म्हातारी असते आणि तिच्याविरुद्ध त्या वेळी कुणी बोली वाढवत नाही. पैसे मंडळीच्या कामाला जातात. इथं तुम्ही बोली लावू शकता. नक्की लावा. चटणीची बरणी हवी असेल तर लवकर हात वर करा, ती सगळ्यात आधी जाते.

नाताळ, आणि त्याच्या अगदी उलट दिवस

नाताळच्या आधी काही रात्री क्वायर घरोघर फिरते. आमच्या वाड्यांत मध्यरात्र उलटून गेली तरी दारात गाणं सुरू होतं, घरातले उठतात, चहा होतो. शेजारी ख्रिस्ती घर असेल आणि रात्री गाणं ऐकू आलं तर गॅलरीत या, ऐका, हवं तर खाली या. २५ तारखेला कुणी घरी बोलावलं तर जा. करंज्या, शंकरपाळी, चिवडा, लाडू असं फराळाचं ताट समोर येईल, त्यातच केकचा तुकडा. "अरे, हे तर दिवाळीसारखंच!" असं आश्चर्य करू नका. मराठी घरातला सण आहे, फराळ असणारच. काही न्यावंसं वाटलं तर फळं न्या.

गुड फ्रायडेला मात्र शुभेच्छा देऊ नका. दरवर्षी मला फुलांची चित्रं आणि "हॅपी गुड फ्रायडे" असे निरोप येतात. पाठवणाऱ्याचं मन चांगलंच असतं. पण तो येशूच्या मरणाचा दिवस आहे. आमच्या घरात त्या दिवशी उपवास असतो, नवे कपडे घालत नाहीत. काहीच पाठवलं नाहीत तरी चालेल. आणि यायचं असेल तर जरूर या. दुपारी बारा ते तीन उपासना चालते, येशूनं क्रुसावरून काढलेल्या सात उद्गारांवर सात मनन होतात. मार्च-एप्रिलचं सोलापूरचं ऊन, भर दुपारचे तीन तास, वर पंखे फिरत असतात तरी हवा हलत नाही. पाण्याची बाटली आणा, सुती कपडे घाला. पूर्ण वेळ बसणं जमलं नाही तर दोन मननांच्या मधल्या गीताच्या वेळी शांतपणे उठून जा.

शुभेच्छा द्यायच्या त्या ईस्टरला, म्हणजे पुढच्या रविवारी. तो २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा रविवार, म्हणून २२ मार्च ते २५ एप्रिलच्या दरम्यान कधीही येतो. पहाटेची उपासना असते. दफनभूमीत फुलं घेऊन जाणारे लोक दिसतील, तिथं कॅमेरा काढू नका.

फोटो आणि बोलणं

इमारतीचे फोटो बाहेरून काढायला हरकत नाही. आत काढायचे तर पाळकांना किंवा फादरना विचारा, आणि उपासना संपल्यावरच. गव्हाणीजवळच्या मुलांचे फोटो त्यांच्या आईबापांना विचारल्याशिवाय काढू नका आणि कुठं टाकू तर नकाच.

उपासना संपली की लगेच पळू नका. पाळक दारात उभे राहून हात मिळवतात. त्यांना पाळकसाहेब म्हणा, कॅथलिक असतील तर फादर. लोक एकमेकांना "जय ख्रिस्त" म्हणतात, तुम्ही "नमस्कार" म्हणा. बऱ्याचदा चहा असतो.

काही प्रश्न मात्र घरीच ठेवून या. "तुमच्या घराण्यात धर्म कधी बदलला?" हा पहिला. आम्ही कुणाच्या पणजोबांचा हिशेब मागत नाही. "घरी इंग्रजीच बोलता का?" हा दुसरा. आम्ही घरी मराठीत भांडतो, मराठीत अंगाई म्हणतो. आणि "तुमच्यात दारू चालते ना?" हा तिसरा, जो चांगल्या शिकलेल्या माणसांनीही मला विचारलाय. जुन्या मराठी मंडळ्यांत दारूबंदीचं काम पिढ्यान् पिढ्या झालं आहे. आमच्या प्रभुभोजनातला द्राक्षरसही साधा रसच असतो.

त्याऐवजी म्हाताऱ्या माणसांशेजारी बसा आणि विचारा: तुमचं आवडतं गीत कोणतं? हा बाक कुणी दिला? लहानपणी नाताळला काय करायचात? मग अर्धा तास कसा गेला कळणार नाही. गिरणीच्या भोंग्याच्या काळातल्या या चौकाच्या आठवणी त्यांच्याकडे आहेत, आणि त्या ऐकणारं माणूस त्यांना हवंच असतं.

शाळेची सहल किंवा मोठा गट आणायचा असेल तर मंडळीच्या सेक्रेटरींना आधी पत्र द्या. रविवार टाळून शनिवारी सकाळी या, म्हणजे मुलांना वेदीपर्यंत जाता येतं, पेटी वाजवून दाखवता येते, परवानगी असेल तर घंटेचा दोरही ओढता येतो. दहापेक्षा जास्त मुलं असतील तर दोन गट करा. दोर एकच असतो आणि प्रत्येकाला ओढायचा असतो.